ड्युटीवरचा माणूस, घरचा माणूस: मालिकेतलं पात्र लिहिताना

संवाद लिहायला शिकण्यासाठी माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच दिवशी एक शब्द घेऊन येतात: मुखवटा. पात्र ऑफिसात मुखवटा घालतं, घरी आलं की काढतं, मग खरा माणूस दिसतो. हा शब्द मी वहीतून खोडायला लावते. तो डोक्यात असला की पात्राचा अर्धा भाग आधीच खोटा ठरतो, आणि खोट्या भागावर कुणी मेहनत घेत नाही.

माझे आबा सातारा डेपोला 31 वर्षं कंडक्टर होते. मेढा आणि बामणोलीची लाइन. गाडीत त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत जायचा. घरी मात्र दिवसाला दहा वाक्यं झाली तरी पुष्कळ. आई म्हणायची, ह्यांचे शब्द गाडीतच संपतात. मग खरे आबा कोणते? गाडीतले खोटे असते तर 31 वर्षं रोज पहाटे उठून ते तसे होऊ शकले नसते. दोन्ही तेच होते. मला आठवतात ती त्यांची मधली दहा मिनिटं. परसात दगडावर बसायचे. चिल्लर मोजून बोटांची टोकं काळी पडलेली असायची, ती लिंबाच्या सालीनं घासायचे. खाकी शर्ट खुंटीला लागलेला असायचा, पण घरचा सदरा अजून अंगावर आलेला नसायचा. त्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. तेव्हा ते कंडक्टर नसायचे आणि आमचे आबाही नसायचे.

ह्याला मी सांधा म्हणते. पात्राची कामावरची बाजू आणि घरची बाजू बहुतेकांना लिहिता येते. सांधा लिहायचा राहून जातो, आणि जीव असतो तो तिथंच.

हातापासून सुरुवात

मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बऱ्याचदा तीन वेगळी माणसं लिहितात. संवादलेखकाच्या हातात प्रसंग येतो तेव्हा पात्राचा व्यवसाय एका शब्दात उरकलेला असतो. डॉक्टर. वकील. बिझनेसमन. घराचा सेट कायम उभा असतो, ऑफिसच्या वाट्याला एक टेबल आणि एक कॉम्प्युटर येतो. त्यामुळं पात्राचं काम दिसायचं असेल तर ते त्याच्या हातांतून आणि तोंडच्या शब्दांतूनच दिसणार.

म्हणून लिहायच्या आधी तो धंदा करणारं माणूस गाठा. आपल्याकडे अवघड नाही. सातारच्या स्टँडवर दुपारी ड्युटी बदलताना तासभर बसलात तरी वही भरते. पण प्रश्न नीट विचारा. ‘तुम्हाला तुमच्या कामाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलंत तर ‘चांगलं वाटतं’ एवढंच उत्तर येईल. विचारायचं ते हे: ड्युटी संपल्यावर पहिलं काय करता?

एक भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, तागडी पालथी घालते. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, गाडीला किक मारायच्या आधी बाहीवरचा खडू झटकतो, नाहीतर सोफ्यावर सांडतो. अपशिंगे मिलिटरी ह्या गावच्या नावातच फौज आहे, पण आपल्या जिल्ह्यात सुट्टीवर आलेला फौजी कुठल्याही गावात भेटतो. अशा एकाला विचारलं तर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काय न्हाय ताई. ट्रंक उघडतो, बघतो, परत लावतो.” ह्या एका वाक्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक नवा लेखक करतो. मी एक नर्सचं पात्र लिहीत होते. वॉर्डात खंबीर, हसतमुख. घरी आल्यावर दार लावून एकटीच रडते. लिहून झाल्यावर मी फार खूश होते. आमच्या शेजारच्या काकींनी सरकारी दवाखान्यात आयुष्य काढलं होतं. त्यांना तो प्रसंग वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, हातानं लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, “घरी आल्यावर रडायला वेळ कुठला गं? आधी आंघोळ. तोवर पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. मग दळण आणायचं.” थोड्या वेळानं परत म्हणाल्या, “आणि रडायचंच तर ड्युटीवरच रडून घ्यायचं. लिनन रूममध्ये. तिथं कुणी विचारत नाही.”

म्हणजे मी सगळं उलटं लिहिलं होतं. काकींचा एकांत दवाखान्यातच होता. घरी त्यांना सासूच्या, पोरांच्या, पाहुण्यांच्या समोर उभं राहावं लागायचं, ती दुसरी ड्युटी. आपल्या घरांत बाईचं पात्र लिहिताना हे तर अजिबात विसरू नका. घर म्हणजे मोकळं होण्याची जागा, हे बऱ्याचदा फक्त पुरुषाच्या बाबतीत खरं असतं. पात्राचं खासगीपण कुठं आहे ते शोधून काढा. ते मोटरसायकलवर असेल, गच्चीवर असेल, मोती चौकातल्या गर्दीत कुणी ओळखीचं नसतानाच्या पाच मिनिटांत असेल.

2022 साली आलेल्या ‘सेव्हरन्स’ ह्या अमेरिकन मालिकेनं हा सांधा चक्क एका लिफ्टमध्ये आणून ठेवला. त्यातले कर्मचारी मेंदूवर शस्त्रक्रिया करून घेतात. लिफ्टमधून आत गेले की घरचं काही आठवत नाही, बाहेर आले की ऑफिसातलं काही आठवत नाही. मार्क स्काउट ह्याची बायको गेलेली आहे, आणि दिवसातले काही तास तरी ते दुःख नको म्हणून तो हे करून घेतो. पहिल्याच भागात तो पार्किंगमध्ये गाडीत बसून रडतो आणि मग कामावर जातो. ती मालिका मिळाली तर त्यातली लिफ्टची दृश्यं आवाज बंद करून पाहा. नटाच्या चेहऱ्यावर, खांद्यांवर काय बदलतं ते लिहून काढा. आपल्या पात्राला अशी शस्त्रक्रिया नसते, पण लिफ्ट असतेच. कुणाची ती फाटकाची कडी असते, कुणाचा चपलांचा कोपरा.

कुठं गळतं ते बघा

सांधा सापडला की दुसरं काम. सांधा कधीच पक्का नसतो, तो गळतो. काम घरात गळतं, घर कामात गळतं. प्रेक्षकाला पात्र आपलं वाटतं ते त्या गळतीमुळं.

आमच्या घरी पाहुण्यांची पंगत बसली की आबांची नजर ओळीवरून फिरायची. माणसं मोजायचे. आईला बाजारासाठी द्यायचे ते पैसे नेहमी सुट्टे. निवृत्तीनंतर एकदा मी त्यांच्याबरोबर मेढ्याला निघाले होते. खिडकीची जागा, हातात पिशवी, साधे प्रवासी म्हणून बसलेले. पण प्रत्येक थांब्यावर माणसं चढली-उतरली की त्यांचे ओठ हलायचे. मेढा येईपर्यंत हलत होते. आता असं पात्र लिहायचं असेल तर ‘मला ड्युटीची फार आठवण येते’ हे वाक्य लिहायची गरज उरते का?

‘मॅड मेन’ ही मालिका 2007 साली सुरू झाली. न्यूयॉर्कमधली जाहिरात एजन्सी, 1960 च्या सुमाराचा काळ. डॉन ड्रेपर तिथला हुशार जाहिरातवाला. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात त्याला कोडॅकच्या स्लाइड प्रोजेक्टरची जाहिरात विकायची असते. तो पडद्यावर स्वतःच्या घरचेच फोटो दाखवतो, बायको, मुलं, लग्न. बोलता बोलता त्याचा आवाज मऊ होतो, आणि ग्राहक जिंकला जातो. तो घरी परततो तर घर रिकामं. कामासाठी घर वापरलं आणि घराला द्यायला काही उरलं नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही. मुलांना मी हा प्रसंग तीनदा दाखवते: एकदा गोष्टीसाठी, एकदा फक्त त्याच्या चेहऱ्यासाठी, एकदा खोलीतल्या बाकीच्या माणसांसाठी.

‘ब्रेकिंग बॅड’ ह्या अमेरिकन मालिकेतला वॉल्टर व्हाइट शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पुढं अमली पदार्थ बनवतो, टोपी घालून दुसरंच नाव घेतो. लोक म्हणतात, मास्तर हा त्याचा मुखवटा, आतून गुन्हेगार. मला हे पटत नाही. त्याचा साथीदार जेसी हा त्याचाच जुना विद्यार्थी. कोणतं काचेचं भांडं कशासाठी वापरायचं, हे तो गुन्हा करतानाही वर्गात शिकवावं तसं समजावतो. मास्तर गुन्ह्यात गळलाय. 2013 साली आलेल्या शेवटच्या भागात तो बायकोपाशी कबूल करतो की हे सगळं मी कुटुंबासाठी नाही, स्वतःसाठी केलं, मला ते चांगलं जमत होतं. इतकी वर्षं घरी बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य हेच, आणि ते आहे कामाबद्दलचं.

उलटं उदाहरण आपल्या दारातलं. झी मराठीवर 2020 साली सुरू झालेली ‘देवमाणूस’ आपल्याच साताऱ्याच्या आसपास चित्रित झाली. किरण गायकवाड यांनी त्यातला डॉक्टर अजितकुमार देव केला. गावाला तो देवमाणूस वाटतो, प्रेक्षकाला मात्र तो खुनी आहे हे ठाऊक असतं. इथं गळती जवळपास नाहीच. रुग्णाशी बोलतानाचा मऊ आवाज आणि सावजाशी बोलतानाचा मऊ आवाज एकच. म्हणून भीती वाटते. असं न गळणारं पात्र लिहायचं असेल तर प्रेक्षकाला लवकर विश्वासात घ्यावं लागतं, नाहीतर ते पात्र नुसतं गुळगुळीत दिसतं.

आणि घर दाखवलंच पाहिजे असंही नाही. ‘सीआयडी’ 1998 साली सुरू झाली आणि पहिल्या खेपेला 20 वर्षं चालली. शिवाजी साटम यांचे एसीपी प्रद्युमन घराघरात पोचले. मुलाचं कथानक सोडलं तर त्यांच्या घरात आपण किती वेळा गेलो? विचार करताना हवेत फिरणारी त्यांची बोटं एवढ्यावर माणूस उभा राहिला. एक सवय प्रामाणिकपणे धरून ठेवली तर ती पुष्कळ काही वाहून नेते.

दोन मराठी

ह्या भागावर मी वर्गात सगळ्यांत जास्त वेळ घालवते, कारण मला ह्या क्षेत्रात कामच ह्यामुळं मिळालं. इकडं चित्रीकरणं वाढली तेव्हा आपल्या भागातली बोली दुरुस्त करून द्यायला माणूस हवं होतं, आणि मी ते करत करत लिहायला लागले.

आपल्याकडच्या माणसाजवळ दोन मराठी असतात. एका पतसंस्थेच्या खिडकीपाशी उभी राहून हे मी कागदावर उतरवून घेतलं होतं. आतला तरुण कॅशियर समोरच्या म्हाताऱ्यांना सांगत होता, “आपली सही जुळत नाही. आपण साहेबांना भेटून घ्या.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “व्हय गं आये. आणतो की. किती, पावशेर का अर्धा किलू? बरं बरं, ठिवतो.” फोन खाली, आणि पुन्हा, “हां, तर आपण काय म्हणत होतात?” समोरचे आजोबा आता त्याच्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होते. म्हणाले, “कुठलं रं पोरा तू?” आणि त्यानंतर तोही ‘आपण’ म्हणू शकला नाही. सही जुळत नव्हती ती नव्हतीच, पण काउंटरमधली काच निघाली.

हे लिहिताना एक पथ्य पाळा. बोली म्हणजे साधाभोळा आणि प्रमाण भाषा म्हणजे हुशार, अशी वाटणी करू नका. बोली विनोदापुरती राखून ठेवणारे संवाद ऐकले की मला मनापासून दुःख होतं. त्याच बोलीत माझ्या आज्जीनं जमिनीचे व्यवहार केले, माणसं जोडली आणि तोडलीसुद्धा.

उलट दिशेचा बदल जास्त धारदार असतो. रोज घरी ‘आगं, हिकडं ये की’ म्हणणारा नवरा भांडणात एकाएकी म्हणतो, “हे बघा, ह्या विषयावर आपण नंतर बोलू.” ऑफिसची मराठी माजघरात आली. आवाज चढलेला नाही, भांडं आपटलेलं नाही, पण बायकोला कळतं की आता तिच्याशी नवरा बोलत नाहीये, साहेब बोलतोय. असं एक वाक्य आख्ख्या भागात एकदाच येऊ द्या.

त्याला लागूनच हाका. पात्राला कोण काय म्हणून हाक मारतं, ह्याचा कागद करा. साहेब, सर, भाऊ, दादा, बाळ्या. ‘मॅड मेन’मधल्या ड्रेपरचं जन्मनाव डिक व्हिटमन, कोरियन युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव त्यानं घेतलंय. जुन्या नावानं हाक मारणारं माणूस समोर आलं की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आपल्या पात्राला एवढं रहस्य लागत नाही. कलेक्टर कचेरीत शिपाई दहा माणसांसमोर ‘रावसाहेब’ म्हणतोय आणि मागून गावचं कुणीतरी ‘ए बाळ्या’ म्हणतं, तेवढं पुरतं.

मागणी काय येते

एका मालिकेत मी महिला हवालदाराचं पात्र लिहीत होते. कुठली वाहिनी ते सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात निरोप आला: घरात ती साडीत आणि मवाळ हवी, प्रेक्षकाला बाई घरी आल्यावर बाई दिसायला हवी. मी भांडले. म्हटलं, दिवसभर बंदोबस्ताला उभी राहिलेली बाई घरी आल्यावर आधी पाय गरम पाण्यात बुडवेल, आणि पोराचा खोटेपणा तिला दारातूनच कळेल, कारण खोटं ओळखणं हेच तिचं काम आहे. ऐकलं गेलं नाही. दोन महिन्यांत तिची वर्दी फक्त शीर्षकगीतात उरली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

म्हणून मी मुलांना 1999 ची ‘आभाळमाया’ आठवायला सांगते. सुकन्या कुलकर्णी यांनी केलेली सुधा जोशी प्राध्यापक होती. नवऱ्याच्या दुसऱ्या नात्यानं संसार हलला, तरी तिचं शिकवणं ही नुसती सजावट नव्हती. माझी आई ते बघताना हातातली कामं थांबवायची. भांडायची वेळ आली तर अशी उदाहरणं हाताशी ठेवा, आणि दृश्य लहान ठेवा. पाय गरम पाण्यात ठेवायला वेगळा सेट लागत नाही, एक बादली लागते.

एक पात्र बांधून बघू

समजा, सुनंदा. कोरेगाव तालुक्यातल्या एका पतसंस्थेची वसुली अधिकारी. वय 38. थकबाकीदाराच्या घरी जाते, कट्ट्यावर बसते, कागद काढते. तिचा एक नियम: थकबाकीदाराच्या घरचा चहा घ्यायचा नाही. कपाला ओठ लागले की बोलणं नरम होतं, हे तिला पहिल्या वर्षीच कळलेलं आहे. आपल्याकडं चहा नाकारणं म्हणजे अपमान, त्यामुळं ती नाकारायची पद्धतही तिनं बसवलीय. “आत्ताच झाला,” म्हणते आणि नजर कागदावर ठेवते.

पहिल्या भागात हे फक्त दाखवा, समजावू नका. चौथ्या भागात ती संध्याकाळी घरी येते. पर्स टेबलावर, कुलपाची किल्ली अजून हातात. नवरा स्वयंपाकघरातून कप घेऊन येतो. ती न बघता म्हणते, “नको, आत्ताच झाला.” नवरा कप हातात धरून उभा. दोघांनाही कळतं काय झालं ते. सांधा गळला. इथं नवऱ्याला टोमणा देऊ नका, मोह होईल, पण देऊ नका. तो स्वतःच तो चहा पितो आणि टीव्ही लावतो.

पुढं दहा-बारा भाग हा चहा बाजूला ठेवा. मध्ये तिच्या धाकट्या भावाचं नाव थकबाकीच्या यादीत येऊ द्या. यादी ती बोटानं ओळ धरून वाचते, तशीच वाचू द्या. बोट त्या नावावर थांबत नाही, पुढं जातं, आणि मग पानाच्या शेवटी परत वर येतं. भावाकडं ती ऑफिसची म्हणून जाईल की बहीण म्हणून, हा प्रश्न आता प्रेक्षकाचा झालेला असतो. तो रविवारभर त्याच्या मनात राहावा म्हणून शनिवारच्या भागाच्या शेवटी ठेवा.

ती जाते. चपला दाराबाहेर काढते की काढत नाही, हे ठरवून लिहा. थकबाकीदाराच्या घरी ती कट्ट्यावरच बसायची, आत जायची नाही. भावजय पदर सावरत विचारते, “वन्सं, चहा टाकू?” भाऊ खाली बघतोय. सुनंदाच्या पिशवीत नोटीस आहे, ती आपल्याला आधीच दाखवून झालीय. संगीत नको. भावजयीच्या हातचा कप ती घेते. कडेपर्यंत भरलेला, म्हणून दोन्ही हातांनी. पिते, सगळा. मग उठून मोरीपाशी जाते, कपबशी विसळून पालथी घालते, हात पुसते आणि पिशवीची चेन उघडते. ह्या प्रसंगात तिला एकही वाक्य देऊ नका. पटकथेत एवढंच लिहा आणि कट द्या.